औषधशास्त्र प्रयोगशाळा, सामायिक (एचआयव्ही संशोधन)

एचआयव्हीवरील उपचारांच्या व प्रतिबंधाच्या चाचण्यांत सहभागी व्यक्तींच्या शरीरातील औषधाचे प्रमाण मोजून देणारी, अनेक संशोधनगटांनी मिळून वापरायची प्रयोगशाळा. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेला एड्स क्लिनिकल ट्रायल्स ग्रुप आणि विद्यापीठांतील एड्स संशोधन केंद्रे यांच्या आधाराने ही व्यवस्था वाढली. बफेलो, चॅपल हिल, कोलोरॅडो, जॉन्स हॉपकिन्स तसेच दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठ येथील प्रयोगशाळा या क्षेत्रात परिचित आहेत. मोजणीचे यंत्र (द्रव वर्णलेखन व मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडणी) महाग असते आणि प्रत्येक औषधासाठी वेगळी पद्धत बसवून ती पडताळावी लागते, म्हणून दर रुग्णालयाने आपली सोय करणे परवडत नाही.

गरज पहिल्याच औषधाने दाखवून दिली. झिडोव्हुडीनला १९८७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते रात्रीही उठून दर चार तासांनी घ्यावे लागे; अनेकांना तीव्र रक्तक्षय झाला. पुढे निम्म्या मात्रेनेही तेवढाच गुण येतो असे चाचण्यांत आढळले. या औषधाचे क्रियाशील रूप पेशीच्या आत तयार होते, त्यामुळे रक्तद्रवातील आकडा अपुरा ठरतो. पांढऱ्या पेशी वेगळ्या करून, मोजून, त्वरेने गोठवाव्या लागतात. हे काम चाचणीच्या ठिकाणी, तेथील तंत्रज्ञांच्याच हातून होते. तिथे ढिलाई झाली तर पुढचे यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी उपयोग नाही.

या प्रयोगशाळांची खरी किंमत कळली ती प्रतिबंधक गोळ्यांच्या चाचण्यांत. केनिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील स्त्रियांवरील फेम-प्रेप चाचणीत (निष्कर्ष २०१२) सुमारे ९५ टक्के स्त्रियांनी गोळी नेहमी किंवा बहुतेक वेळा घेतल्याचे सांगितले. रक्ततपासणीत ४० टक्क्यांहून कमी जणींत औषध सापडले. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वेतील व्हॉइस चाचणीतही तसेच घडले. मोजणी नसती तर औषधच निकामी, असा निष्कर्ष सहज निघाला असता. या स्त्रियांना खोटे ठरवण्याचा मोह मात्र टाळावा: गोळ्यांची बाटली घरात सापडली तर एचआयव्हीबाधित समजले जाण्याची भीती त्यांना होती.

रक्तद्रवातील पातळी फक्त गेल्या काही दिवसांची कथा सांगते, शिवाय तपासणीच्या आदल्या दिवशी गोळी घेतली तरी पातळी चांगली दिसते. म्हणून कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्याची पद्धत आली. प्रतिबंधक गोळ्यांतील टेनोफोव्हिर या औषधाचे फॉस्फेटयुक्त रूप तांबड्या पेशींत साचते व त्याचा अर्धायुकाल सुमारे १७ दिवस असतो, त्यामुळे कित्येक आठवड्यांची सरासरी कळते. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणाऱ्या केसातूनही असाच हिशेब काढतात.

भारतात औषध-मोजणीचा प्रश्न अधिककरून क्षयरोगाशी जोडलेला आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते आणि नेव्हिरॅपीन, डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरील औषधांची रक्तातील पातळी घटवते. म्हणून सोबत रिफाम्पिसिन असल्यास डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. दिवसातून दोनदा देतात. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने अशा परस्परक्रियांच्या मोजणीचे मोठे काम केले. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय जॉन्स हॉपकिन्सच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सहभागी आहे.

वेगवेगळ्या देशांतील आकडे एकाच मापाचे असावेत यासाठी बफेलो विद्यापीठातील गुणवत्ता कार्यक्रम सहभागी प्रयोगशाळांना प्रमाण लपवलेले नमुने पाठवतो. पद्धत पडताळताना साधारण १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. वरवर कंटाळवाणे वाटणारे हे काम नसेल, तर दोन खंडांतील निष्कर्षांची तुलना निरर्थक होते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांमुळे कामाचे स्वरूप बदलत आहे. अशा इंजेक्शनाने दिले जाणारे कॅबोटेग्राव्हिर शेवटच्या टोचणीनंतर वर्ष उलटूनही काहींच्या रक्तात आढळते. अशा अपुऱ्या पातळीच्या काळात संसर्ग झाल्यास विषाणूत औषधरोध निर्माण होऊ शकतो, म्हणून इंजेक्शन थांबल्यावरही नमुने घेत राहावे लागते.