स्कुबा शिकताय? जॅकेट घ्यावं की विंग?

मालवण : तारकर्ली, मालवणला स्कुबा शिकायला उतरणाऱ्या नव्या पोरांना एक प्रश्न पडतोच, बीसीडी कुठलं घ्यावं? बीसीडी म्हणजे अंगावर बांधायची हवेची पिशवी. सिलिंडरमधली हवा तिच्यात भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. नवख्यांसमोर मुख्य प्रकार दोन.

जॅकेट : यात हवा पाठीबरोबर कुशीतही भरते. पाण्यावर उभं तरंगणं सोपं जातं, खिसेही असतात. बहुतेक ठिकाणी शिकवतात ते यातच. मात्र पूर्ण फुगवलं की छाती आवळते.

विंग : हवा फक्त पाठीवर. पाण्याखाली अंग आडवं राहतं, छाती-पोट मोकळं. पण पाण्यावर जास्त फुगवली तर माणूस तोंडावर ढकलला जातो. थोडं मागे रेललं की जमतं. पाठीला स्टीलची पाटी असेल तर कमरेला शिसं कमी लागतं.

शिकायला जॅकेट पुरतं. घाईने पैसे घालू नयेत. दोन्ही आधी भाड्याने वापरून बघावीत. प्रकारापेक्षा माप महत्त्वाचं. फुगवल्यावर ते खांद्यावरून वर सरकता कामा नये. जुनं घेताना फुगवून रात्रभर ठेवावं. सकाळी मऊ पडलं तर गळती आहे समजा. समुद्रातून आल्यावर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावं.

ध्यानात ठेवा, बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर राहीलच, याची खात्री त्यात नाही. १० मीटरवरून वर येईपर्यंत आतली हवा दुप्पट फुगते. म्हणून वर येताना हवा सोडत यावं, आणि श्वास कधीच रोखू नये.