बिअर नसलेल्या बिअरच्या खेळाची कुळकथा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. तिथे कधी तीन-तीन, चार-चार पाळ्यांत काम चाले, आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागे. असं का होतं, याचं उत्तर कंपनीतल्या साहेबांकडे तयार होतं: बाजारातली तेजी-मंदी, दुसरं काय! १९५६ साली अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात आलेल्या जे फॉरेस्टर यांच्या कानावर ही कैफियत गेली, पण हे उत्तर काही त्यांच्या गळी उतरेना.

फॉरेस्टर मुळात व्यवस्थापनवाले नव्हतेच. नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर ते वाढले. शाळेत असतानाच जुन्या मोटारींचे सुटे भाग जोडून त्यांनी वाऱ्यावर चालणारा जनरेटर बनवला आणि घरात पहिल्यांदा वीज आणली. पुढे एमआयटीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडार आणि तोफा आपोआप वळवणारी यंत्रणा, मग ‘व्हर्लविंड’ हा संगणक आणि त्याची चुंबकीय स्मृती. यंत्राने केलेल्या कृतीचा परिणाम फिरून त्या यंत्राकडेच येतो, आणि तो यायला उशीर झाला की यंत्र हेलकावे खायला लागतं, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलं होतं. कारखान्यातल्या नोकरभरतीकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिलं.

त्यांनी वहीचं एक पान घेतलं. साठा, ऑर्डरी, कामगार असे रकाने आखले. भरती आणि साठ्याचे निर्णय तुम्ही कसे घेता, हे साहेबांना विचारून घेतलंच होतं. तेच नियम लावून पेन्सिलीने आकडे पुढे नेत गेले. बाहेरून येणारी मागणी अगदी एकसारखी धरली, तरी कामगारांची संख्या वर-खाली होतच राहिली. म्हणजे तेजी-मंदी बाहेरून यायची गरजच नव्हती, ती कारखान्याच्या कारभारातच वस्तीला होती. ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ या शास्त्राचा जन्म हा असा, एका पानावर झाला. १९५८ साली त्यावर लेख आला, १९६१ साली ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ.

पण ग्रंथ वाचून कोणता साहेब कबूल करणार की घोळ आपल्याच निर्णयांत आहे? म्हणून फॉरेस्टर यांच्या गटात एक पटावरचा खेळ आकाराला आला. कागदोपत्री त्याचं नाव ‘उत्पादन-वितरण खेळ’. रूढ झालं ते ‘बिअर गेम’. खेळात बिअरचा थेंबही नसतो, आणि शाळकरी मुलांपुढे मांडायचा असेल तर सफरचंदाचा रस म्हणूनही भागतं.

लांबलचक पटावर चार जागा: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. सोंगट्या म्हणजे बिअरची खोकी. प्रत्येकाकडे सुरुवातीला बारा खोकी. दुकानदार दर आठवड्याला गिऱ्हाइकाच्या मागणीचा एक पत्ता उलटतो, तेवढा माल देतो आणि घाऊकवाल्याकडे चिठ्ठी पालथी सरकवतो. घाऊकवाला वितरकाकडे, असं कारखान्यापर्यंत. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायला आणखी वेळ. पडून राहिलेल्या खोक्याला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, देता न आलेल्या खोक्याला एक डॉलर. एकमेकांशी बोलायचं नाही. नियम म्हणाल तर एवढेच.

पहिले चार आठवडे मागणी चार-चार खोक्यांची. पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि शेवटपर्यंत आठच राहते. बस्स. पण दुकानदाराचा साठा घटू लागतो, मागवलेला माल वाटेत असतो, त्याला धीर धरवत नाही, तो जास्त मागवतो. घाऊकवाला त्याहून जास्त. कारखान्यापर्यंत जाता जाता मागणीचा पूर येतो. मग सगळा माल एकदम येऊन आदळतो, गोदामं तुडुंब भरतात आणि ऑर्डरी शून्यावर येतात. हेच खाली छोटं आणि वर मोठं होत जाणारं हेलकावणं पुढे व्यापारात ‘बुलव्हिप’ म्हणजे चाबकाचा फटकारा या नावाने ओळखलं गेलं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला ते बाळांच्या लंगोटांच्या ऑर्डरींत दिसलं होतं. लंगोट वापरणारी बाळं तर ठरलेलीच!

खेळ संपल्यावरची उलटतपासणी हाच माझ्या मते या खेळाचा गाभा. गिऱ्हाइकाची मागणी कशी होती ते काढा, असं सांगितलं की बहुतेक जण डोंगर-दऱ्या काढतात. शेजाऱ्यावर खापर फोडून झालेलं असतंच. मग पत्ते उलटे करून दाखवतात: चार, चार, चार, चार, आणि मग फक्त आठ. भाषणाने जे होत नाही ते इथे होतं, कारण नुकसान खेळणाऱ्याच्याच हातून झालेलं असतं. संस्थेत बदल करायचा म्हणजे जुना अधिकारी हलवून नवा बसवायचा, ही आपल्याकडचीही लाडकी रीत. इथे कोणालाही कोणत्याही जागी बसवा, हेलकावे यायचेच. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर सेंगे यांनी १९९० सालच्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’मध्ये एक अख्खं प्रकरण या खेळाला दिलं, आणि तो प्रशिक्षणवर्गांत सर्वदूर गेला.

त्याच्या आदल्याच वर्षी एमआयटीच्याच जॉन स्टरमन यांनी खेळाची रीतसर झडती घेतली होती. नेटक्या हिशेबाने जिथे दोनशे डॉलरच्या आसपास खर्च यावा, तिथे संघांचा सरासरी खर्च दोन हजारांवर गेला होता. कारण त्यांनी नेमकं पकडलं: मागवलेला पण हातात न आलेला माल लोक हिशेबातच धरत नाहीत. चिठ्ठी स्वतःच लिहिलेली असते, पटावर सोंगट्या डोळ्यांसमोर सरकत असतात, तरी पुढच्या आठवड्यात तोच माल पुन्हा मागवला जातो.

मग माहितीचीच कमतरता असेल का? संशोधकांनी सगळ्यांना सगळ्यांचा साठा दाखवून पाहिला. हेलकावे थोडे निवले, पण गेले नाहीत. स्टरमन आणि सहकाऱ्यांनी तर २०१४ सालच्या अभ्यासात मागणी कधी बदलणारच नाही असं ठेवलं, आणि ते चौघांनाही आधीच सांगून टाकलं. तरीही ऑर्डरी डोलल्या. शेजारी शहाणपणाने मागवेल याची अनेकांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी आपल्यापुरती काही खोकी जास्तीची लिहिली.