संगणक रचना व असेंब्ली भाषा : अध्यापनाचा इतिहास

संगणकाची स्मृती, गणित विभाग व नियंत्रण विभाग यांची मांडणी आणि त्याला समजणाऱ्या आज्ञांचा संच यांच्या अभ्यासास संगणक रचनाशास्त्र म्हणतात. यंत्राच्या आज्ञा प्रत्यक्षात द्विमान अंकांच्या (० व १ यांच्या) मालिका असतात. त्यांऐवजी लक्षात राहतील अशी अक्षरचिन्हे योजून आज्ञा ज्या भाषेत लिहितात, तीस असेंब्ली भाषा आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस असेंब्लर म्हणतात. हे दोन विषय विद्यापीठांतून बहुधा एकत्र शिकविले जातात. कारण आज्ञासंच हा यंत्र बनविणारा व ते वापरणारा यांच्यातील दुवा असून तो दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय नीट समजत नाही.

आरंभ : या अध्यापनाची सुरुवात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये ८ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६ या काळात झालेल्या व्याख्यानमालेने झाली असे मानतात. जॉन मॉक्ली (१९०७–८०) व प्रेस्पर एकर्ट (१९१९–९५) हे तिच्या प्रमुख व्याख्यात्यांपैकी होते. त्यांच्या एनिअ‍ॅक यंत्रात नवे गणित घालण्यासाठी तारांची जोडणी बदलावी लागे. आज्ञा व आकडे एकाच स्मृतीत साठविण्याची नवी कल्पना या मालेद्वारे प्रसृत झाली. इंग्लंडहून आलेले मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांना केवळ शेवटच्या दोन आठवड्यांची व्याख्याने मिळाली; परंतु परतीच्या सागरप्रवासातच त्यांनी नव्या यंत्राचा आराखडा करण्यास आरंभ केला. केंब्रिज विद्यापीठात बांधलेल्या या एडसॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी वर्गसंख्यांचे कोष्टक तयार केले.

केंब्रिज परंपरा : एडसॅकमध्ये प्रत्येक क्रियेसाठी एक अक्षर ठरविले होते, उदा., ‘ए’ म्हणजे बेरीज व ‘एस’ म्हणजे वजाबाकी. डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) यांनी रचलेली अवघ्या ३१ आज्ञांची एक आज्ञावली कागदी फितीवरील अक्षरे व दशमान आकडे वाचून त्यांचे द्विमान रूप स्मृतीत ठेवीत असे. असेंब्लरचे हे एक आद्य रूप होय. विल्क्स यांच्या आरंभीच्या, १२६ ओळींच्या एका आज्ञावलीत सुमारे २० चुका निघाल्या. बिनचूक आज्ञा लिहिणे हे स्वतंत्रपणे शिकण्याचे कौशल्य आहे, हे अशा अनुभवांवरून स्पष्ट झाले. १९५० पासून केंब्रिजमध्ये उन्हाळी वर्ग भरू लागले. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल (१९२६–७५) यांचा आज्ञावली-लेखनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या वर्गास पुढे विख्यात झालेले डच शास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) उपस्थित होते. १९५३ मध्ये तेथे पदविका अभ्यासक्रम सुरू झाला.

उच्च स्तरीय भाषांनंतर : १९५७ मध्ये फोर्ट्रान भाषा उपलब्ध झाल्यावर गणिती सूत्रांसारख्या विधानांतून आज्ञावली लिहिता येऊ लागली आणि यंत्राची भाषा शिकण्याची गरज काय, असा प्रश्न उपस्थित झाला. डॉनल्ड कनूथ (१९३८– ) यांनी १९६८ मध्ये आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात ‘मिक्स’ हा काल्पनिक संगणक व त्याची असेंब्ली भाषा योजून त्यास उत्तर दिले. एखादी रीत राबविण्यास यंत्राला किती श्रम पडतात हे यंत्राच्या पातळीवरच मोजता येते, असा त्यामागील विचार होता.

भारत : कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ मध्ये एचईसी-२एम हा संगणक आला. तो ब्रिटिश शास्त्रज्ञ अँड्र्यू बूथ यांच्या अभिकल्पावर आधारलेला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. पुढे १९७६ मधील ८०८५ सूक्ष्मप्रक्रियक महाराष्ट्रासह देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयाचे मुख्य साधन ठरला. विद्यार्थी वहीत ‘एमव्हीआय ए, ०५’ (संचायकात ५ ठेवा) असे लिहीत, कोष्टकात पाहून त्याचे ‘३ई ०५’ हे षोडशमान रूप काढीत आणि ते संचाच्या कळा दाबून भरीत. म्हणजे असेंब्लरचे काम तो स्वतः करी. याच यंत्रात २५५ मध्ये १ मिळविल्यास संचायकात शून्य उरते व हातच्याची खूण उमटते, हेही त्याला तेथेच दिसे.

हा धडा केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ४ जून १९९६ रोजी यूरोपचे एरियान ५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची मार्गदर्शक आज्ञावली अ‍ॅडा या उच्च स्तरीय भाषेत होती. तथापि ६४ द्विमान अंकांत मांडलेले एक मूल्य १६ अंकांच्या जागेत मावले नाही आणि ती त्रुटी सांभाळण्याची तरतूद तेथे नव्हती.

वर्गातून यंत्राकडे : या अध्यापनाने यंत्रांचे स्वरूपही बदलले. बर्कली येथे १९८० पासून डेव्हिड पॅटरसन (१९४७– ) व त्यांचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि स्टॅनफर्ड येथे १९८१ पासून जॉन हेनेसी (१९५२– ) व त्यांचे सहकारी यांनी मोजक्या, साध्या आज्ञांचे प्रक्रियक रचले. त्यांपैकी बर्कलीच्या पहिल्या प्रक्रियकात सुमारे ४४,००० ट्रँझिस्टर होते. या दोघांचा १९९० मधील ग्रंथ जगभर अभ्यासला गेला व २०१७ चे ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. बर्कलीतच २०१० मध्ये आरंभ झालेला रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच कोणासही विनामूल्य वापरता येतो. मद्रास आयआयटीचे ‘शक्ती’ प्रक्रियक त्यावरच आधारलेले आहेत.

आज फारच थोड्यांना असेंब्ली भाषेत दीर्घ आज्ञावली लिहावी लागते. संगणक सुरू होतानाच्या आज्ञा, लहान उपकरणांतील नियंत्रण व सुरक्षेतील दोषांचे परीक्षण यांसाठी ती अद्याप लागते. मात्र अभ्यासक्रमात तिचे स्थान टिकून आहे ते मुख्यतः अन्य कारणाने : उच्च स्तरीय भाषा यंत्राच्या मर्यादा दृष्टिआड करते, त्या नाहीशा करीत नाही, आणि त्या मर्यादा ओळखण्याची दृष्टी या विषयाच्या अभ्यासाने येते.