गव्हाचे व्याज आणि विद्येची देवघेव

परदेशी जाण्यासाठी एखाद्यास शिष्यवृत्ती मिळाली की, ‘सरकारने पाठविले’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ते सरकारी द्रव्य मुळात कोठून आले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता अशा वृत्त्यांसाठी अर्ज करू लागली आहेत. त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस या द्रव्याची हकीकत ठाऊक असावी, म्हणून सुप्रसिद्ध फुलब्राइट वृत्तीचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगतो.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा अमेरिकेचे अफाट युद्धसाहित्य देशोदेशी पडून होते. ते परत नेणे परवडणारे नव्हते आणि घेणाऱ्या देशांपाशी डॉलर नव्हते. ते आपापल्या चलनात किंमत देऊ शकत होते. पण ते चलन अमेरिकेत नेऊन करावयाचे काय? आर्कान्सा राज्याचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट हे स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले गृहस्थ. हे चलन त्या त्या देशातच ठेवावे व त्यातून विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांची ये-जा घडवावी, अशी तोड त्यांनी काढली. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने तिचा कायदा झाला. करदात्याकडे नवा पैसा मागावयाचा नसल्यामुळे विधेयकास फारसा विरोधही झाला नाही. हिशेबी माणसाने काढलेली ही युक्ती होती, आणि तिचे यश त्या हिशेबीपणातच आहे असे मला वाटते.

जगातील विद्यार्थ्यांना दार उघडून देणाऱ्या याच फुलब्राइटांनी १९५६ साली, शाळांतून काळ्या व गोऱ्या मुलांना एकत्र बसविण्याच्या विरोधी जाहीरनाम्यावर सही केली, हेही आपण विसरता कामा नये. परक्याच्या मुलास जवळ करणे कित्येकदा शेजाऱ्याच्या मुलास जवळ करण्याहून सोपे असते!

भारताशी या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. आपल्या बाजूने त्यावर पंडित नेहरूंनी सही केली. परंतु पेच असा की, निधी रुपयांत. रुपयांनी बोटीचे भाडे देता येई, अमेरिकेतील खाणावळीचे बिल नव्हे. तेथील खर्चासाठी डॉलर दुसरीकडून, म्हणजे तेथील विद्यापीठाकडून अथवा १९४८ च्या दुसऱ्या एका अमेरिकन कायद्याखालील तरतुदीतून, मिळवावे लागत.

पुढची भर पडली ती धान्यातून. १९५१ साली अन्नटंचाईत भारताने अमेरिकेकडून गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. त्याच्या व्याजापैकी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम विद्याविनिमयासाठी खर्च करण्याची तरतूद त्या कायद्यातच होती. त्यानंतर १९५४ चा ‘पी. एल. ४८०’ हा कायदा आला आणि १९५६ साली भारताने त्याखाली पहिला करार केला. त्या काळातला लाल गहू आणि मिलो ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून आणला, त्यांना या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. या धान्याची किंमत आपण रुपयांत देत होतो व ते रुपये येथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत होते.

त्या साठ्याचा मोठा भाग कर्ज व अनुदान या रूपाने येथील विकासकार्याकडे वळला. एक लहानसा वाटा विद्येकडे आला. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेस याच रुपयांचा आधार होता, आणि तिचे कार्यालय पुण्यास डेक्कन कॉलेजात होते. १९६२ पासून याच निधीतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील ग्रंथ खरेदी करून तेथील विद्यापीठांकडे धाडण्यास आरंभ केला. त्यांत मराठी ग्रंथही होते. आपण मिलोची भाकरी खाल्ली, आणि तिच्या किमतीतून मराठी कादंबऱ्या शिकागोच्या कपाटात जाऊन बसल्या. हा व्यवहार काही अगदीच तोट्याचा म्हणता येणार नाही.

साठलेले रुपये इतके वाढले की, परक्या सरकारच्या हाती आपले एवढे चलन असणे उभयतांस अवघड वाटू लागले. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला. बाकी निधीवर व अमेरिकन अंदाजपत्रकातील तरतुदीवर देवघेव चालू राहिली. १९७८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या नावाची वृत्ती निघाली. ती नोकरी-व्यवसायात काही वर्षे काढलेल्या माणसांसाठी आहे.

मात्र ज्याचा पैसा त्याचा शब्द, हे दीर्घकाळ खरे होते. जुलै २००८ च्या नव्या कराराने भारत सरकारनेही खर्चाचा बरोबरीचा वाटा उचलण्याचे मान्य केले, आणि वृत्तीचे नाव ‘फुलब्राइट-नेहरू’ झाले. या बरोबरीचे मोल जून २०२५ मध्ये ध्यानात आले. निवडलेल्या अनेक उमेदवारांच्या वृत्त्या शासनाने परस्पर नाकारल्या, असा आक्षेप घेऊन वॉशिंग्टन येथील निवड-मंडळाच्या बहुतेक सर्व सभासदांनी त्या महिन्यात राजीनामे दिले. १९४६ च्या कायद्याने हे मंडळ नेमले होते, ते निवडीत राजकारण शिरू नये याचसाठी.