जमा, नावे आणि एक फ्रान्सिस्कन व्रतस्थ

जमाखर्चाच्या द्विनोंदी पद्धतीचे जनक म्हणून फ्रान्सिस्कन व्रतस्थ लुका पाचोली यांचे नाव आपण ऐकतो. वस्तुतः जेनोआ नगरीच्या १३४० सालच्या वह्यांतही ती पद्धत आढळते. पाचोलींनी १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची रीत सुसूत्रपणे मांडली, हे त्यांचे श्रेय होय.

त्यांनी तीन वह्या सांगितल्या : कच्चे टिपण, रोजकीर्द आणि खतावणी. खतावणीत प्रत्येक व्यवहार दोनदा नोंदवायचा. घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या खाती जमा. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहीत, तर कोठेतरी चूक आहे असे समजावे. 'डेबिट'चा लॅटिन मूळार्थ देणे लागणे, तर 'क्रेडिट'चा विश्वास ठेवणे. आपल्या 'क्रेदो'चे मूळही तेच.

वहीवर क्रूसाचे चिन्ह व देवाचे नाव असावे, असे पाचोली सांगतात. परंतु घेणाऱ्यास एक आणि विकणाऱ्यास दुसरी वही दाखवून शपथ वाहणारे व्यापारीही त्यांना ठाऊक होते. म्हणूनच वह्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्याव्यात, असे ते बजावतात. देवाच्या नावाने उघडलेली वहीसुद्धा तपासणीस खुली असावी, हे आपल्या धर्मग्रामाचे हिशेब लिहिताना आपणही स्मरणात ठेवावे.