युद्ध संपते केव्हा? चार इंग्रजी शब्दांचा इतिहास

१/ ११ नोव्हेंबर १९१८, सकाळचे ११. पश्चिम आघाडीवरील तोफा शांत झाल्या. मात्र कायद्याच्या दृष्टीने युद्ध त्या दिवशी संपले नव्हते. ट्रूस, सीझफायर, आर्मिस्टिस आणि ट्रीटी हे शब्द आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. त्यांतील अंतराची किंमत अनेकांनी प्राणांनी मोजली आहे.

२/ ट्रूस हा 'ट्रू' शब्दाच्याच कुळातला. मूळ अर्थ दिलेले वचन. डिसेंबर १९१४ च्या नाताळात ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, त्यांनी भेटवस्तूंची देवघेव केली, आपापले मृत पुरले. वरिष्ठांचा आदेश नव्हता, कागद नव्हता. होता तो केवळ परस्परांवरचा विश्वास. म्हणून तो ट्रूस.

३/ सीझफायर ही मुळात रणांगणावरची आज्ञा: गोळीबार थांबवा! वाद मिटला, असा तिचा अर्थ नव्हे. काश्मीरमध्ये १ जानेवारी १९४९ रोजी गोळीबार थांबला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धबंदी रेषा आखली गेली. १९७२ च्या सिमला करारानंतर तिची जागा नियंत्रण रेषेने घेतली. या नव्या नावामागे दोन देशांचा आपसांतील करार होता.

४/ आर्मिस्टिस म्हणजे लॅटिन मुळानुसार शस्त्रांचे थबकणे. हा लेखी आणि अटींसह केलेला लष्करी करार असतो. १९१८ मध्ये काँपियेन्यच्या अरण्यात, रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अंमल मात्र ११ वाजता. मधल्या सहा तासांत लढाई चालूच राहिली. अमेरिकन सैनिक हेन्री गुंथर १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला.

५/ त्या कराराची मुदत होती अवघी ३६ दिवस. ती पुनःपुन्हा वाढवावी लागली. जर्मनीची सागरी नाकेबंदीही उठली नाही. तोफा थांबल्या, उपासमार थांबली नाही.

६/ ट्रीटी म्हणजे तह. तो राज्यांमध्ये होतो आणि त्याला राजसत्तेची मान्यता लागते. व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ रोजी सह्या झाल्या. तो अमलात आला १० जानेवारी १९२० रोजी.

७/ तह झालाच नाही तर? कोरियाकडे पाहा. २७ जुलै १९५३ रोजी आर्मिस्टिस झाला, शांततेचा तह आजतागायत नाही. सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा अजूनही त्या देशाचे दोन तुकडे करून उभा आहे.

८/ आपल्याकडचे उदाहरण. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला इंग्रज फौज कोंडली आणि करार लिहून घेतला. सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणत कंपनीने तो झुगारला. इंग्रजी ग्रंथांत वडगावच्या करारासाठी बहुधा 'कन्व्हेन्शन' हा शब्द आढळतो, तर १७८२ च्या सालबाईसाठी 'ट्रीटी'. रणांगणात जिंकलेले कागदावर कसे निसटते, ते या दोन शब्दांत दिसते.

९/ म्हणून इतिहास वाचताना 'युद्ध थांबले' असे वाक्य आले की तीन प्रश्न विचारावेत: सही कोणी केली? कोणत्या अधिकाराने? आणि किती दिवसांसाठी?