बदली : एका शब्दाचा आणि एका आकड्याचा इतिहास

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते प्रामुख्याने तेथील जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणाचे पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ येथे शुद्ध करते आणि ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांकडे व वस्त्यांकडे पाठवते. पाण्याच्या व्यवहारात किती आले, किती गेले आणि वाटेत किती गळाले, हा हिशेब ठेवावाच लागतो. ज्या औद्योगिक पट्ट्याला हे पाणी जाते तेथील फाटकांतून माणसांचाही एक प्रवाह सतत आत-बाहेर करीत असतो. माणसे नोकरी सोडून जातात त्यालाही आपण मराठीत 'गळती' हाच शब्द वापरतो. ही गळती मोजावी, अमुक वर्षात ती वीस टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर आणावी, अशी उद्दिष्टे ठरविणे आज व्यवस्थापनशास्त्राचा प्राथमिक पाठ समजला जातो. या पाठाला मुंबई इलाख्यात एक जुना इतिहास आहे. तो अर्थशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहिला. वस्तुतः तो भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे, कारण त्याच्या केंद्रस्थानी एक शब्द आहे : 'बदली'.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ ते १८५६ या काळात उभी केली. पुढल्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसे गिरणगावात येऊ लागली. ही माणसे टिकत नाहीत, शेतीच्या हंगामाला आणि शिमगा-गणपतीला गावी पळतात, अशी मालकांची कायमची तक्रार होती. त्यांना टिकविण्याचा जो उपाय प्रचारात आला तो असा, की महिन्याचा पगार महिना संपल्यावर लगेच द्यायचा नाही. तो काही आठवडे अडकवून ठेवायचा. मध्येच निघून जाणाऱ्याचे पैसे बुडत. गळती थांबविण्याची ही योजना मोजता येण्याजोगी होती खरी, पण तिचे माप कामगाराच्या कमरेला बांधलेल्या दोरीचे होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ही दोरी तुटली. शहर ओस पडू लागले. उरलेल्या कामगारांना धरून ठेवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. आमच्या मते या प्रसंगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'गिरणीत मन न रमणारा शेतकरी' हे वर्णन खरे असते, तर रोकड पैसा हातात पडताच तो अधिकच वेगाने गावी गेला असता. उलट, हातात मजुरी देणाऱ्या गिरणीकडे माणसे वळली. पण संकट सरले आणि जुनी रीत परतली. मजुरी सात किंवा फार तर दहा दिवसांत दिलीच पाहिजे असे बंधन कायद्याने यायला १९३६ साल उजाडावे लागले.

दरम्यान मोजणीचे युग सुरू झाले होते. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापिले व त्याचे 'लेबर गॅझेट' निघू लागले. त्यात गिरण्यांतील गैरहजेरीचे आकडे नियमाने छापले जात. गैरहजेरी म्हणजे कामगाराचा खाडा. तो मोजला की प्रश्न आपोआप कामगाराच्या स्वभावाचा होतो. नोकरी सोडण्याचे प्रमाण मोजायचे तर निराळे प्रश्न विचारावे लागतात : हा माणूस कोणी भरती केला, कोणी काढला आणि का? त्या प्रश्नांचे उत्तर बहुधा मुकादमाशी, म्हणजे जॉबरशी, येऊन थांबे. खात्यात माणूस घेणे आणि काढणे त्याच्या हाती होते. दर नव्या भरतीला दस्तुरी मिळत असल्यामुळे माणसे बदलत राहण्यात त्याचा उघड लाभ होता. ज्याला गळतीतून उत्पन्न मिळते त्याच्याच हाती तोटी होती. मालकांनाही हे ठाऊक होते. परंतु मागणी कमी-जास्त होताच कामगार कमी-जास्त करणारा मध्यस्थ त्यांना सोयीचा होता.

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात हे चित्र पुष्कळसे स्पष्ट केले. ना. म. जोशी या आयोगाचे एक सदस्य होते. बारमाही चालणाऱ्या बहुतेक कारखान्यांत दरमहा निदान पाच टक्के नवी माणसे घ्यावी लागतात, असे आयोगाला आढळले. हा हिशेब पुढे नेला तर वीस महिन्यांत कारखान्याच्या मनुष्यबळाइतकी नवी भरती होते. आयोगाने याचे खापर केवळ खेड्यावर फोडले नाही. माणूस शहराच्या ओढीने येत नाही, तर गावातील दारिद्र्याने ढकलला जातो, हे त्याने मान्य केले. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून श्रम-अधिकाऱ्यांकडे द्यावा, अशी शिफारसही केली.

याच्या आधीच अमेरिकेत हा आकडा गाजला होता. हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात १९१३ साली वर्षभरातील गळती सरासरी कामगारसंख्येच्या ३७० टक्के होती. म्हणजे एक जागा भरलेली राखण्यासाठी वर्षाला जवळजवळ चार माणसे लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी पाच डॉलर रोजाची घोषणा केली आणि कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. गळती त्याच वर्षी ५४ टक्क्यांवर आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर उतरली. या औदार्यालाही अटी होत्या. कामगाराचे घर आणि वागणूक तपासणारे निरीक्षक कंपनीने नेमले होते. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते : तेथे मोजणीचा शेवट मजुरी आणि कामाच्या तासांपाशी झाला.

मुंबईत तो वेगळ्या ठिकाणी झाला. गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली-नियंत्रणाची योजना आणली. तोवर भोंग्याच्या वेळी फाटकाशी जमलेल्या गर्दीतून जॉबर आपल्या मर्जीची माणसे उचलीत असे. आता प्रत्येक गिरणीने निवडक व्यक्तींना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे, आणि गैरहजर कामगारांच्या जागी केवळ त्यांच्यातूनच माणसे घ्यायची असे ठरले. योजना वाईट नव्हती. जॉबरच्या मनमानीला तिने काही आळा घातला आणि रोजच्या अनोळखी गर्दीला नोंद दिली. परंतु नोंद मिळाली ती अस्थैर्याला. कार्डधारकाने रोज यायचे होते, पण काम रोज मिळेल असे नव्हते. गिरणीच्या बाजूने पाहिले तर गळतीवर उपाय झाला. माणसाच्या बाजूने पाहिले तर त्याची तात्पुरती अवस्थाच कायम झाली.

येथे शब्दाकडे वळू. सरकारी कारकुनाच्या घरात 'बदली' म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे. जागा बदलते, नोकरी टिकते. गिरणगावात 'बदली' हे माणसाचेच नाव झाले : 'तो बदली आहे'. त्याला स्वतःची जागा नाही, दुसऱ्याच्या रिकाम्या साच्यावर तो उभा राहतो. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना नियमांत कायम, उमेदवारीवरील, तात्पुरता, नैमित्तिक अशा वर्गांच्या बरोबरीने 'बदली' हा शब्द इंग्रजी मजकुरातही तसाच घेतला गेला. इंग्रजीत प्रतिशब्द सापडत नव्हता असे नाही. या संस्थेचे नाव मात्र हेच होते. मराठीतल्या किती शब्दांना अशी कायद्याची मान्यता मिळाली असेल, आणि ती कशासाठी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही त्यांच्यापुढे होती. १९३५ च्या कार्डाचे उत्तर सत्तेचाळीस वर्षांनीही मिळाले नव्हते.

बदलापूर हे गाव घोडे बदलण्याचे ठाणे होते म्हणून त्याला ते नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, घोडा बदलणाऱ्याला थकलेल्या घोड्याचे पुढे काय झाले याची चौकशी करावी लागत नाही, एवढे तिच्यातून सुचते. आजच्या कारखान्यातील गळतीच्या तक्त्यांचेही असेच होऊ शकते. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा माणूस दर काही महिन्यांनी बदलला, तरी मूळ कंपनीच्या पटावर तो नसतोच. त्यामुळे तिचा टक्का निर्मळ राहतो. उद्दिष्ट गाठले जाते आणि फाटकावरची रांग होती तशीच राहते.

म्हणून मोजू नये, असे आम्ही म्हणत नाही. न मोजलेले दुःख नाकारणे फार सोपे असते. पाच टक्क्यांचा आकडा पुढे आला म्हणून तर जॉबरच्या अधिकाराची उघड चर्चा झाली. आमचे म्हणणे इतकेच, की 'किती गेले' याच्या शेजारी 'किती वर्षे राबून किती जण कायम झाले', 'मजुरी कोणत्या तारखेला हातात पडली' आणि 'पटाबाहेर किती आहेत' हे रकानेही असले पाहिजेत. पहिला रकाना कामगाराविषयी बोलतो, पुढचे मालकाविषयी. गिरण्यांच्या इतिहासात पहिलाच दीर्घकाळ भरला गेला.

जांभूळहून निघालेले पाणी वाटेत गळू लागले तर माणसे नळ तपासतात, जोड तपासतात, दाब तपासतात. पाणी स्वभावतःच पळपुटे आहे असा अहवाल कोणी लिहीत नाही. माणसांच्या बाबतीत तो अनेक दशके लिहिला गेला, आणि तो वाचताना त्यातील 'बदली' या शब्दापाशी आपण क्षणभर थांबायला हवे.